चिकापासून वरणभातापर्यंत : बाळाच्या पहिल्या वर्षाचा आहार

हा मार्गदर्शक पहिल्यांदाच आईबाप झालेल्यांसाठी आणि त्यांच्या मदतीला आलेल्या आजी-आजोबांसाठी आहे. खाण्याच्या दृष्टीने बाळाच्या पहिल्या वर्षाचे दोन सरळ भाग पडतात : पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, आणि पुढचे सहा महिने आईच्या दुधाच्या जोडीला घरचे अन्न. आपल्याकडे पहिल्या सहामाहीत दुधाव्यतिरिक्त काहीतरी पाजण्याची घाई होते आणि दुसऱ्या सहामाहीत पुरेसे भरवण्यात कुचराई होते, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ६ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना वयानुरूप पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसले, तर ६ महिने ते ५ वर्षे वयोगटातील सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. ही गोष्ट फक्त मेळघाटातली किंवा पालघरच्या पाड्यांवरची आहे असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. खाऊनपिऊन सुखी असलेल्या शहरी घरांतही आठ-आठ महिन्यांची बाळे डाळीच्या पाण्यावर ठेवलेली दिसतात.

पहिला तास, पहिला आठवडा

प्रसूती नैसर्गिक असो वा सिझेरियन, आई आणि बाळ दोघांची प्रकृती स्थिर असेल तर जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी ठेवावे आणि अंगावर पिऊ द्यावे. सिझेरियननंतर आईला उठून बसता येत नाही, या सबबीखाली दूध पाजणे दुसऱ्या दिवसावर ढकलले जाते. प्रत्यक्षात परिचारिकेच्या मदतीने आईला पडल्यापडल्याही पाजता येते, आणि आपली तशी इच्छा आहे हे रुग्णालयात दाखल होतानाच सांगून ठेवणे चांगले. सुरुवातीला येणारे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो चमचाभरच निघतो हे पाहून घरच्यांचा जीव खालीवर होतो, परंतु पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिलिलिटरहून फारसे मावतही नाही. रोगांपासून संरक्षण देणाऱ्या घटकांनी समृद्ध असा हा चीक ‘बाळाला जड पडतो’ म्हणून पिळून टाकण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. ती बाळाच्या हिताची नाही.

साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येते. तोवर साखरेचे पाणी, गाईचे दूध, मध यांपैकी काहीही बाळाच्या तोंडाला लावू नये. मधाची बंदी तर संपूर्ण वर्षभराची आहे. मधात बॉट्युलिझम हा आजार घडवणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निरुपद्रवी ठरतात, पण वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. जन्मल्यावर मध चाटवण्याची प्रथा कितीही जुनी असली, तरी ती पाळू नये.

पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन जन्माच्या वजनापेक्षा ७ ते १० टक्क्यांपर्यंत कमी होणे स्वाभाविक आहे, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास ते पुन्हा मूळ आकड्यावर येते. घट याहून जास्त असेल, बाळ सुस्त असून दूध ओढत नसेल, किंवा डोळ्यांचा-त्वचेचा पिवळेपणा हातापायांपर्यंत उतरला असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

अंगावर कसे घ्यावे

अंगावर पाजणे ही आईला उपजतच येणारी गोष्ट आहे असा समज असतो. खरे तर ती आई आणि बाळ दोघांनीही शिकण्याची क्रिया आहे, आणि पहिल्या दोन आठवड्यांत कोणीतरी शेजारी बसून दाखवले तर पुढच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. आईने पाठ टेकून बसावे, पायाखाली पाट घ्यावा आणि मांडीवर उशी ठेवून बाळाला स्तनाच्या उंचीवर आणावे. बाळासाठी स्वतः पुढे वाकून बसल्यास पाठ आणि खांदे भरून येतात. बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत असावी आणि त्याचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे, कारण मान वळवून गिळणे मोठ्या माणसालाही जड जाते. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर येईल असे धरून स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठाला हलकेच लावले की ते आ करते. पहिला आ लहान असतो, त्याला भुलू नये. जांभई दिल्यासारखे तोंड पुरते उघडले की त्याच क्षणी बाळाला जवळ ओढावे, म्हणजे हनुवटी आधी टेकते आणि केवळ स्तनाग्र नव्हे तर भोवतालच्या काळसर भागाचाही बराचसा हिस्सा तोंडात जातो.

पकड बरोबर बसली असेल तर बाळाचा खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो, गाल खपाटीला जात नाहीत आणि काही वेळाने दर एक-दोन ओढींनंतर गिळण्याचा आवाज येऊ लागतो. सुरुवातीची काही क्षणांची ओढ सोडल्यास दुखता कामा नये. दुखतच राहिले तर सोसत बसू नये. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. स्तनाग्रांना पडणाऱ्या चिरांचे मूळ बहुतेक वेळा या अर्धवट पकडीतच असते, आणि मलमापेक्षा पकड सुधारण्याचा गुण लवकर येतो. स्तन दाटून कडक झाले असतील तर बाळाला ते नीट तोंडात धरता येत नाहीत. अशा वेळी आधी थोडे दूध हाताने काढून टाकावे. स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा उमटून ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे, मात्र पाजणे थांबवू नये.

घड्याळ लावून पाजण्याची गरज नाही. बाळ मान वळवून शोधू लागले, जीभ काढू लागले, मूठ चोखू लागले की ते भुकेचे संकेत आहेत. रडणे हा शेवटचा संकेत आहे, आणि रडून लाल झालेल्या बाळाला लावणे कठीण जाते. नवजात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पिते. एक बाजू बाळाने स्वतःहून सोडेपर्यंत पाजावी आणि मग दुसरी द्यावी, कारण शेवटी येणारे दूध अधिक स्निग्ध असते. रात्रीचे पाजणे टाळू नये; दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवते. पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. वजन नीट वाढत असेल तर थोडी गुळणी टाकण्याने काही बिघडत नाही.

‘दूध पुरत नाही’ ही शंका

या एका शंकेपायी जितकी बाळे आईच्या दुधापासून तुटतात तितकी दुसऱ्या कशाने तुटत नसावीत. संध्याकाळी बाळ किरकिरते, तासाभरात पुन्हा प्यायला मागते, स्तन पूर्वीसारखे दाटत नाहीत, आणि घरातले कोणीतरी म्हणते की दूध आटले. यांपैकी एकही गोष्ट दूध कमी असल्याचा पुरावा नाही. दूध पुरत असल्याचे पुरावे दोनच : पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ, फिकट रंगाची लघवी होणे, आणि वजन वाढणे. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते आणि पाच-सहा महिन्यांत जन्माचे वजन दुप्पट होते. डायपरमुळे लघवीची मोजदाद करता येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा दिवसभर साधे कापडी लंगोट वापरावेत. वजन दर वेळी एकाच काट्यावर करून माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात मांडावे. एकट्या आकड्यापेक्षा रेषा कोणत्या दिशेने चालली आहे हे जास्त बोलके असते.

दूध वाढवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे जास्त वेळा पाजणे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा हे पदार्थ बाळंतिणीने आवडीने खावेत, कारण तिला जास्तीचे अन्न हवेच असते. मात्र तिच्या ताटातून भाजी, फळे, डाळी काढून टाकून तिला तूपभातावर ठेवण्याचे कारण नाही. तिने केळे खाल्ल्याने बाळाला सर्दी होत नाही.

घरी आल्यावर मदतीसाठी आशा ताईंची वाट धरावी. नवजात बाळासाठीच्या गृहभेटींमध्ये त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, वजन करतात आणि पाजण्याची पद्धत पाहतात. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही कल्पना आपल्याच गडचिरोलीतील, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून देशभर गेली.

गुटी, ग्राइप वॉटर आणि पाणी

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला पाण्याचा थेंबही लागत नाही, मग तो चंद्रपूरचा मे महिना का असेना. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते; उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा पिते, आणि पाणी आईने प्यायचे असते. वरून पाजलेले पाणी लहानशा पोटात दुधाची जागा अडवते आणि जुलाबाला निमंत्रण देते.

गुटीचा विषय घरात नाजूक असतो. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा यांचे वेढे उगाळून आईच्या दुधात चाटवण्यामागे माया असते हे खरे. पण सहाण, मुळ्या आणि बोट निर्जंतुक नसतात, मात्रा हाताच्या अंदाजावर असते, आणि जायफळ जास्त झाले तर बाळाला गुंगी येऊ शकते. सासूबाईंना दुखवायचे नसेल तर वाद घालण्यापेक्षा पहिल्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्यावे आणि हा प्रश्न डॉक्टरांसमोर त्यांच्या तोंडून येऊ द्यावा. ग्राइप वॉटरचीही गरज नसते. द्यायचे असते ते ‘ड’ जीवनसत्त्व : दररोज ४०० युनिट, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या थेंबांच्या रूपात, कारण आईच्या दुधातून ते पुरेसे मिळत नाही.

कामावर रुजू होताना

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्याखालील पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. प्रकृती साथ देत असेल तर ते कमी घेऊन उरलेली रजा बाळासाठी राखावी. रुजू झाल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी मागता येते, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद आहे. हे हक्क मागितल्याशिवाय सहसा मिळत नाहीत.

शेतावर, कारखान्यात किंवा घरकामावर जाणाऱ्या आणि रजा नसलेल्या आईला दूध काढून ठेवण्याचा मार्ग मोकळा असतो. हात स्वच्छ धुऊन, अंगठा वर आणि बोटे खाली अशी काळसर भागाच्या कडेवर धरून, आधी छातीकडे दाबून मग एकत्र दाबावे आणि उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात दूध काढावे. सावलीत, थंड जागी ते ४ तास टिकते आणि फ्रिजच्या आतल्या बाजूला २४ तास ठेवता येते. पाजण्यापूर्वी गॅसवर गरम न करता भांडे कोमट पाण्यात ठेवावे. उष्टे उरलेले दूध पुन्हा ठेवू नये. बाळाला ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बाटलीचे बूच आणि तिच्या कानाकोपऱ्यांत दुधाचा थर राहतो, आणि बाटलीची सहज धार लागल्यावर काही बाळे अंगावर ओढायला कंटाळा करतात.

वरचे दूध देण्याची वेळ आली तर

आईला गंभीर आजार असणे, ती हयात नसणे, बाळ दत्तक असणे, अथवा सगळे प्रयत्न करूनही वजन न वाढणे, अशा प्रसंगी वरचे दूध द्यावे लागते, आणि त्यात आईने अपराधी वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळांसाठी काही मोठ्या रुग्णालयांत दुग्धपेढ्या असतात. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. इतर वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याची दूध पावडर वापरावी. वर्षाच्या आत गाईचे किंवा म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये, कारण त्यात लोह अत्यल्प असते आणि त्यातली प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत.

पावडरचे दूध करताना पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ते अजून चांगले गरम असतानाच पावडर घालावी, कारण पावडर निर्जंतुक नसते. प्रमाण डब्यावर लिहिलेलेच घ्यावे. सहसा ३० मिलिलिटर पाण्याला सपाट केलेला एक मोजचमचा असतो. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवणे म्हणजे बाळाला उपाशी ठेवणे होय. दूध कोमट झाल्यावर लगेच पाजावे आणि दोन तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. लहान बाळांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा एखादा डबा कोणी फुकट हातात ठेवला तर तो कशासाठी ठेवला हे ओळखावे.

सहा महिने पूर्ण झाल्यावर

सहा महिने पूर्ण होणे म्हणजे सातवा लागणे. सहावा लागणे नव्हे. या सुमारास बाळाची मान पक्की धरलेली असते, आधार दिल्यावर ते बसते, मोठ्यांच्या ताटाकडे झेपावते आणि चमचा तोंडात घातला तर जिभेने बाहेर ढकलत नाही. ही लक्षणे दिसण्याआधी घाई करू नये आणि दिसल्यानंतर दिरंगाईही करू नये, कारण जन्मतः बरोबर आणलेला लोहाचा साठा याच वेळी संपत येतो. अनेक घरांत मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात, म्हणजे पाचव्या किंवा सातव्यात, करतात. मुलीसाठी सातवा महिनाच निवडावा म्हणजे रीत आणि शास्त्र दोन्ही सांभाळले जाते. मामाने चांदीच्या वाटीतून खिरीचे बोट चाटवल्याने काही बिघडत नाही. खरी अडचण अशी की उष्टावणाचा सोहळा होतो आणि दुसऱ्या दिवसापासून भरवण्याची शिस्त मात्र बसत नाही.

सुरुवातीला मूगडाळ आणि तांदळाची भरड हाताशी असावी. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, कापडावर सुकवून, वेगवेगळी मंद आचेवर खमंग भाजावी आणि रवाळ दळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. दोन चमचे भरड अर्ध्या-पाऊण वाटी पाण्यात कालवून, सतत ढवळत, कच्चा वास जाईपर्यंत शिजवावी. उतरवल्यावर चमचाभर साजूक तूप घालावे आणि एक कसोटी लावावी : चमचा तिरका केल्यावर पदार्थ ओघळून गेला तर तो पातळ आहे, आणि चमच्याला धरून राहून सावकाश खाली पडला तर बरोबर आहे. मीठ नको, साखरही नको. आपल्या जिभेला ते बेचव लागते, बाळाला लागत नाही. त्याने दुसरी चवच अजून पाहिलेली नसते.

घट्टपणाचा मी इतका आग्रह धरतो याचे कारण साध्या हिशेबात आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी हव्या असतात आणि नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला सुमारे ३००. बाळाचे पोट लहान असल्याने त्याने वाटीभर वरणाचे पाणी प्यायले की ते भरते, पण त्यातून मिळते जवळजवळ काहीच नाही. डाळ खाली पातेल्यात राहते आणि ती मोठ्यांच्या ताटात जाते. तीच डाळ घोटून, मऊ भातात कालवून, वर चमचाभर तूप घातले तर तेवढ्याच घासांत कितीतरी पट ऊर्जा जाते. एका लहान चमचा तुपातूनच सुमारे ४५ कॅलरी मिळतात. नाचणी सत्त्वाबद्दलही हेच म्हणावे लागेल. नाचणी भिजवून, वाटून, गाळून सुकवलेले पांढरेशुभ्र सत्त्व पचायला हलके असले, तरी गाळताना चोथ्याबरोबर तंतू, बरेचसे कॅल्शियम आणि लोह निघून जाते. त्यापेक्षा मोड आणून, सावलीत सुकवून, हलकी भाजून दळलेली अख्खी नाचणी चांगली. मोड आल्यामुळे पीठ शिजताना फार घट्ट गोळा होत नाही आणि कमी पाण्यातही खीर गिळायला सोपी राहते.

महिन्यागणिक किती आणि काय

पहिल्या आठवड्यात दिवसातून एक-दोनदा, प्रत्येकी दोन-तीन चमचे पुरतात. नवीन पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे पुरळ उठले किंवा उलटी झाली तर दिवसाउजेडी लक्षात येते, आणि दोन-तीन दिवसांनी पुढचा पदार्थ सुरू करावा. सात-आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी इतके प्रमाण व्हावे. इथे वाटी म्हणजे २५० मिलिलिटरची, आमटीची लहान वाटी नव्हे. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा अर्धी वाटी, आणि मागितले तर मधल्या वेळी केळे किंवा चिकू. वर्षाच्या सुमारास पाऊण ते एक वाटी.

अन्नाचा पोतही वाढत गेला पाहिजे. सहाव्या महिन्याअखेर सुरू केलेले मऊसूत कालवण आठव्या महिन्यात काट्याने दाबलेले, नवव्यात बारीक कुस्करलेले आणि दहाव्यात हातात धरून खाण्याजोगे व्हावे : वाफवलेल्या गाजराची बोटे, तुपातल्या धिरड्याचे तुकडे, दुधात नव्हे तर वरणात भिजवलेली पोळी-भाकरी. सगळे मिक्सरमधून काढण्याची सवय लागलेली मुले दीड वर्षाची झाली तरी चावत नाहीत, अशी तक्रार अलीकडे फार ऐकू येते. दात आलेले नसले तरी हिरड्यांनी चावता येते.

भात, डाळ आणि तूप एवढ्यावर थांबू नये. लाल भोपळा, रताळे, पालक, मेथी, पपई, आंबा, दही हे सगळे पहिल्या दोन महिन्यांतच ताटात यावे. पालेभाजी शिजवून खिचडीत घोटावी आणि वर लिंबाचे दोन थेंब पिळावेत, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळीतले आणि पालेभाजीतले लोह अधिक चांगले शोषले जाते. मांसाहारी घरांत पूर्ण उकडलेले अंडे, शिजवून बारीक केलेली कलेजी किंवा चिकन, आणि पापलेटसारख्या माशाचा काटे काढून कुस्करलेला तुकडा सातव्या-आठव्या महिन्यापासून द्यावा. वर्ष होईपर्यंत अंडे-मासे उष्ण म्हणून टाळण्याने ॲलर्जी टळत नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासाने दाखवले की धोका असलेल्या बाळांना तो लवकर खायला दिल्यास ॲलर्जीचे प्रमाण घटते. आपल्या स्वयंपाकघरात भाजलेल्या दाण्याचा कूट असतोच. तो बारीक करून अर्धा चमचा खिचडीत घालावा. बाळाला तीव्र इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

एवढे करूनही अन्नातून लोह पुरेसे मिळण्याची खात्री नसते, म्हणून सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक ॲसिडचे सिरप देण्याची सरकारी योजना आहे. आशा किंवा परिचारिका ताईंकडे ते विनामूल्य मिळते. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, तोही चुकवू नये. अंगणवाडीत सहा महिन्यांवरील मुलांची नोंद होऊन घरपोच आहार मिळतो. तो घेण्यात कमीपणा नाही.

भरवताना

बाळाला मांडीवर आडवे न घेता बसवून, समोरासमोर, डोळ्यांत पाहून भरवावे. त्याची वाटी वेगळी ठेवावी, म्हणजे किती गेले ते कळते. तोंड फिरवले की थोडा वेळ थांबावे, पुन्हा एकदा विचारावे, आणि नाहीच म्हटले तर वाटी उचलावी. मोबाइल दाखवून घास सरकवण्याची युक्ती पहिल्या आठवड्यात सोयीची वाटते, पण महिन्याभरात मोबाइलशिवाय तोंड उघडेनासे होते. एखादी भाजी आज थुंकली म्हणजे ती आवडत नाही असे नव्हे. आठ-दहा वेळा समोर आल्यावर बरीच बाळे ती स्वीकारतात. आईचे दूध चालूच ठेवावे, आणि ते दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही देता येते. अन्नाबरोबर उकळून गार केलेले पाणी पेल्याने घोट-घोट द्यावे.

चहा, चहात बुडवलेले बिस्किट, डब्यातले फळांचे रस, फरसाण आणि मध हे वर्षाच्या आत नको. चहा लोहाचे शोषण रोखतो, आणि बिस्किटात साखर-मैद्याखेरीज फारसे काही नसते.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षे, कच्च्या गाजराचे तुकडे आणि सुपारी बाळाच्या हाताला लागू देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. नवीन पोत खाताना बाळ ओकारी काढते, खोकते, लाल होते. ते स्वतः सावरते आणि तेव्हा तोंडात बोट घालू नये. पण आवाज बंद झाला, खोकला येईना आणि ओठ निळसर पडू लागले तर बाळाला पालथे, डोके खाली करून हातावर घ्यावे, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोसे द्यावेत, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, आणि वस्तू बाहेर पडेपर्यंत हे आलटून पालटून करावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. बाळ निपचित पडले तर कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि छातीवर दाब सुरू करावा लागतो. तो घरातील प्रत्येकाने आधीच शिकून घेतलेला असावा.

जुलाब झाले तर आईचे दूध आणि अन्न दोन्ही चालू ठेवावे, प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस चमच्याचमच्याने द्यावे आणि डॉक्टरांनी दिलेला झिंकचा कोर्स जुलाब थांबले तरी पूर्ण करावा. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवल्याने अशक्तपणा वाढतो. बरे वाटल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्यावे, म्हणजे आजारात घटलेले वजन भरून येते.

वर्ष पूर्ण होताना वजन जन्माच्या साधारण तिप्पट असावे आणि बाळ घरच्या पातेल्यातलेच जेवत असावे : तिखट-मीठ घालण्याआधी त्याच्या वाट्याचे वरण आणि भाजी बाजूला काढली की वेगळा स्वयंपाक लागत नाही. गाईचे-म्हशीचे दूध आता पेल्याने देता येते, पण दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर जाऊ देऊ नये. दुधाने पोट भरलेले मूल जेवायला बसत नाही, आणि वरणभाताची जागा दुधाने घेतली की रक्तातले लोह पुन्हा खाली येते.